लवण आढळले नाही

माझ्या पायाला लहानपणापासून भिंगरी आहे आणि जिभेला धार. भिंगरीमुळे मी मोजणी खात्यात गेलो आणि धारेमुळे तिथे फार कोणाचा लाडका झालो नाही. मी पुण्यातल्या पेठेत वाढलो. घरात कोणी चुकून ‘पानी’ म्हटलं, तर वडील हातातला घास तसाच धरून त्याच्याकडून ‘पाणी’ म्हणवून घेत आणि मगच जेवू लागत. ते वळण माझ्यात इतकं मुरलं, की मुळशीत नोकरीला लागल्यावर मी लोकांचं बोलणं मनातल्या मनात दुरुस्त करू लागलो. कागदावर तर हमखास. खातेदार ‘मानूस’ म्हणाला की माझ्या लेखणीतून ‘माणूस’ उतरे. त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही. माझे पंचनामे वाचायला सोपे जातात असं कचेरीतले कारकून म्हणत, आणि मी ते मिरवत असे.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. आमचं वर्ष दोन तुकड्यांचं. उन्हाळ्यात रानात मोजणी करायची आणि पावसाळ्यात कचेरीत बसून नकाशे रेखायचे. रानातलं काम मला आवडे, कारण तिथे कोणी ‘बसा’ म्हणत नसे. माझ्याबरोबर साखळी धरायला एक वयस्क शिपाई असत. पौडाच्या बाजारात त्यांच्या भावाचं बांगड्यांचं दुकान होतं, गावाबाहेर थोडी शेती होती. सगळा तालुका त्यांना चाचा म्हणे, म्हणून मीही म्हणे. शिक्षण चौथीपर्यंत, पण कुठल्या बांधावर कोण कोणाशी भांडतं ते त्यांना तोंडपाठ. मी आकडे मांडत असताना ते मध्येच असलं काहीतरी सांगायला लागत आणि माझा आकडा चुके. एकदा मी त्यांना सुनावलं, “चाचा, काम चाललं असताना मध्ये बोलायचं नाही.” त्यांनी ते फार मनावर घेतलं, हे मला नंतर कळलं.

ज्या गटाची, म्हणजे जमिनीच्या तुकड्याची, ही गोष्ट आहे, तो कासार आंबोलीच्या डोंगराच्या अंगाला होता. दोन भावांची सामाईक जमीन. थोरला वारलेला, मागे त्याची बायको आणि दोन मुली. धाकट्याला वाटणी हवी होती, कारण वरच्या माळावर पुण्याच्या एका पार्टीला बंगला बांधायचा होता. वहिनीनं पावसाच्या आत घरातून निघावं, असंही त्यानं सांगून ठेवलं होतं. तहसीलदारांचा हुकूम सरळ होता. ओलीमुळे किंवा दुसऱ्या कुठल्या कारणानं नापीक असलेली जमीन दोघांत सामाईक ठेवायची आणि उरलेली चांगली जमीन निम्मी-निम्मी करायची, वरची निम्मी दिराला, खालची निम्मी बाईला. नापीक कुठे संपते आणि चांगली कुठे सुरू होते, एवढं पाहून मी लिहून द्यायचं होतं.

जमीन उतरती होती. खाली एक मोठा काळा दगड, वर एक बेहड्याचं झाड. दगडाच्या खाली बारमाही चिखल होता, त्याबद्दल वाद नव्हता. बेहड्याच्या वर मुरूम होता, त्याबद्दलही नव्हता. भांडण होतं दगड आणि बेहडा यांच्यामधल्या पट्टीचं. दीर म्हणत होता पट्टी चांगली आहे, बाई म्हणत होती नाही. पट्टी चांगली धरली, तर निम्मं करताना ती सगळीच्या सगळी बाईच्या पदरात पडणार होती आणि बेहड्याच्या वरचं जवळजवळ सगळं दिराला मिळणार होतं. नापीक धरली, तर वरच्या माळाचे दोन भाग होणार होते आणि बाईला घर बांधायला कोरडी जागा मिळणार होती. घर होणार की नाही, हे त्या एका रेघेवर होतं.

मे महिना होता. पट्टी वाळून भेगाळली होती, आणि वर काळी राख. दिरानं तिथे राब भाजला होता. भाताचं रोप टाकायचं त्या जागेवर शेण, पालापाचोळा पसरून जाळतात, तो राब. पाणी साचणाऱ्या जागेवर कोणी राब भाजत नाही हे मला ठाऊक होतं, आणि आपल्याला ते ठाऊक आहे याचाच मला जास्त आनंद झाला. जाळण्यात गवत गेलं, लव्हाळा गेला, ओलीची सगळी खूण गेली, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

बाई तिशी-पस्तिशीची असेल. डोक्यावर पदर, पायात काही नाही. आधी दीर बोलला. तो थांबल्यावर ती म्हणाली, “सायब, ह्यो राब औंदाच भाजलाय हितं. आदी कदी भाजला न्हाई.”

ऊन तापलं होतं आणि मला अजून भरे गावची एक मोजणी उरकायची होती. “बाई, तुमचं म्हणणं काय ते थोडक्यात सांगा,” मी म्हणालो.

“लवन हाय ह्ये. पार त्या बेहड्यापतूर लवन हाय.”

लवन. मी सवयीनं ‘न’चा ‘ण’ केला. लवण. म्हणजे मीठ. शाळेत संस्कृतात मला चांगले गुण पडत, झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. बाईचं म्हणणं असं, की जमिनीत खार आहे म्हणून ती नापीक. आता, समुद्र कुठे आणि कासार आंबोली कुठे, एवढ्या पावसाच्या मुलखात मातीत मीठ टिकेल कसं, हा प्रश्न शहाण्याला पडला असता. मला पडला नाही. उलट, अंगठा उठवणाऱ्या बाईला इतका शुद्ध शब्द येतो याचं मला कौतुक वाटलं.

मग मी मोठ्या इमानानं मीठ शोधायला लागलो. पट्टीवर उकिडवा बसून भेगांत कुठे पांढरा थर दिसतो का ते पाहिलं. चार ठिकाणची चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली. पंच म्हणून आलेले दोघे एकमेकांकडे पाहून हसले. दीरही हसला, पण तोंड फिरवून. चाचा वर बेहड्यापाशी झेंडी धरून उभे होते, त्यांना इथलं काही ऐकू येत नव्हतं. माती कडवट होती, राखेची चव होती, खारट मात्र नव्हती.

दुपारी दिराच्या ओसरीवर पिठलं-भाकरी खाल्ली. त्या काळी मोजणीदार जिथे मोजणी तिथेच जेवे, त्यात कोणाला वावगं वाटत नसे. जेवून तिथेच पंचनामा लिहिला. ‘सदर पट्टीत बेहड्याच्या झाडापर्यंत लवण असल्याचे बाईचे म्हणणे आहे. प्रत्यक्ष पाहणी केली असता लवण आढळले नाही.’ अक्षर चांगलं आलं होतं. पद्धतीप्रमाणे मी तो मोठ्यानं वाचून दाखवला, कारण खाली ‘वाचून दाखवला, बरोबर आहे’ असं लिहून अंगठा घ्यायचा असतो.

बाईनं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या बुटांकडे पाहिलं. दगडाच्या खालचा चिखल त्यांना लागलेला होता, अजून ओला.

“आढळलं न्हाई?” ती म्हणाली.

“नाही. मी स्वतः पाहिलं. तुमच्यासमोर पाहिलं.”

तिनं अंगठा पुढे केला, उठवला आणि मुलींना घेऊन निघून गेली. मला वाटलं, बरं झालं, समजूतदार आहे.

जूनमध्ये हुकूम आला. ‘मोजणीदाराच्या पाहणीत लवण आढळलेले नाही, सबब दगडापासून वरची सर्व जमीन चांगली धरून वाटप करावे.’ माझं वाक्य तहसीलदारांनी जसंच्या तसं उचललं, म्हणून मी दोन दिवस खूश होतो. तहसीलदार शेतकऱ्याच्या घरातले होते, तिकडच्याच खोऱ्यातले. ‘लवण’ हा शब्द त्यांनी कसा वाचला असेल, याचा मी विचारही केला नाही. हुकमाप्रमाणे वाटणीची मधली रेघ बेहड्याच्या जेमतेम चार हात वर पडली. मी ती लाल शाईनं ओढली.

जुलैमध्ये मी तोच नकाशा पक्का करत बसलो होतो. बाहेर पावसाची झड लागलेली. चाचा बाकावर बसून माझ्या हाताकडे पाहत होते. “सायब, आता काम चाललंय का थांबलंय?” त्यांनी विचारलं.

“थांबलंय. बोला.”

“त्या आंबोलीच्या गटात लवन न्हाई, असं तुमी लिवलंय म्हनं.”

“नाहीच आहे. चाखून पाहिलं मी.”

“चाखून?” चाचांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “लवन चाखत्यात व्हय, सायब? लवन म्हंजी खोलगट. जमीन लवती, पानी उतरून बसतं, त्ये लवन. त्या बाईची पट्टी आख्खी लवन हाय. पोर बी सांगंल.”

लवणे. डोळ्याचं पातं लवतं, फांदी लवते, माणूस लवून नमस्कार करतो. तो शब्द मला येत होता, चांगला येत होता. मी ‘न’ दुरुस्त करण्यात इतका गुंतलो, की शब्द ऐकलाच नाही. ती बाई चिखलाबद्दल बोलत होती आणि मी तिच्यासमोर माती चाटत होतो. कान असे तापले, की मी उठून व्हरांड्यात गेलो आणि पावसाचे शिंतोडे अंगावर घेत उभा राहिलो.

“मग मला तेव्हाच का नाही सांगितलंत?” मी परत येऊन चाचांवरच उखडलो.

“मी झेंडीपाशी हुतो. आन् मधी बोलायचं न्हाई, असं तुमीच म्हनला हुता.”

पुढचे आठ-दहा दिवस मला कुठेच चैन पडेना. पुण्याहून येणाऱ्या एसटीत जागा मिळाली तरी मी उभा राही. घरी जेवताना ताटावरून उठे आणि आपण का उठलो ते आठवेना. बायको म्हणाली, तुम्हाला बसायला काय टोचतंय? मी तिच्यावरही खेकसलो. हुकमाविरुद्ध अपील करायची मुदत चालू होती, पण बाई अपील करणार नाही हे मला कळत होतं. तिनं बरोबर आहे म्हणून अंगठा दिला होता. मी गप्प राहिलो असतो, तर कोणालाच काही कळलं नसतं. बोललो असतो तर चौकशी, बदली, आणि त्याहून मोठं म्हणजे हसू. ‘मीठ चाटणारा मोजणीदार’ हे नाव तालुक्यात मला निवृत्त होईपर्यंत पुरलं असतं. याची मला चौकशीपेक्षा जास्त भीती वाटत होती. हे कबूल करताना आजही बरं वाटत नाही.

शेवटी एका दुपारी कचेरीत काही न सांगता मी पौडाहून एसटी पकडली आणि आंबोलीच्या फाट्यावर उतरलो. पाऊस थोडा थांबला होता. बेहड्याच्या खालच्या अंगाला, तिला मिळालेल्या जमिनीच्या अगदी वरच्या कडेला, कारवीच्या कुडाचं खोपट उभं होतं. बाई आत चूल पेटवत होती. जमिनीतून पाणी झिरपत होतं, चुलीच्या बुडाशी येत होतं. तिनं चूल तीन दगडांवर उचलून ठेवली होती. धाकटी मुलगी करवंटीनं पाणी उपसून दाराबाहेर टाकत होती आणि ते हळूहळू परत आत येत होतं.

मी दारातच उभा राहिलो. काय बोलायचं ते सगळं पाठ करून आलो होतो, पण त्यातलं काही सुचेना. “बाई, माझी चूक झाली,” एवढंच म्हणालो. “तुम्ही लवण म्हणालात, ते मला मीठ वाटलं.”

तिनं फुंकणी खाली ठेवली. “मीठ?”

“पुस्तकात लवण म्हणजे मीठ. म्हणून मी माती चाखली.”

ती उठून दारापाशी आली. हसेल असं मला वाटलं होतं. हसली असती तर बरं झालं असतं. “मला वाटलं,” ती म्हणाली, “तुमी दिराच्या मिठाला जागला. चिखलात हुबं ऱ्हाऊन मानूस म्हनतोय, लवन न्हाई. म्हनलं, मग आता बोलून काय करायचं? म्हून अंगठा दिला.”

म्हणजे ती मला मूर्ख समजली नव्हती. लबाड समजली होती. मला हे दोन महिने एकदाही सुचलं नव्हतं. परत जाताना मी फाट्यावर एसटीची वाट न पाहता पिरंगुटाच्या दिशेनं तसाच चालत सुटलो, भिजत, मोठमोठ्यानं स्वतःला शिव्या देत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तहसीलदारांपुढे उभा राहून सगळं सांगितलं. ते आधी हसले, अगदी चष्मा काढून, डोळे पुसून. मग हुकमाची फाइल मागवली, वाचली आणि हसायचे थांबले. “मी तर लवण म्हणजे लवणच समजलो हो,” ते म्हणाले. “तुम्हाला आढळलं नाही म्हटल्यावर मी काय करणार?” मग म्हणाले, लेखी द्या, आपण पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पाहणी करू.

“उन्हाळ्यात पुन्हा राबच दिसेल, साहेब. आणि तोपर्यंत ती पाण्यात राहील.”

मी त्यांच्या टेबलापुढून हललो नाही. पावसात मोजणी करत नाहीत, साखळी रुतते, कागद भिजतो, हे त्यांनी मला समजावलं, जसं काही ते मला माहीत नव्हतं. दिरानंही हरकत घेतली, आणि त्याची हरकत खोटी नव्हती. तो म्हणाला, “पावसात समदीच जमीन वली असती. मग काय समदीच नापीक लिवनार?” त्यावर उपाय चाचांनी सांगितला. पाऊस उघडला की तीन दिवस थांबायचं. चांगली जमीन तीन दिवसांत पाणी सोडते, लवण सोडत नाही.

श्रावणात तशी उघडीप मिळाली आणि चौथ्या दिवशी आम्ही सगळे पट्टीवर गेलो. तहसीलदार, दीर, पंच, चाचा, बाई आणि मी. या खेपेला मी बूट काढले. बाई पुढे चालत होती, मी मागे. ती प्रत्येक पावलाला टाच दाबून पाही. टाच रुतली की पुढे, नुसता ठसा उमटला की तिथेच थांबे, आणि चाचा तिथे निगडीच्या झुडपाची काठी ठोकत. खेकड्यांची बिळं दिसली, तोंडाशी चिखलाच्या गोळ्या रचलेली. मीही टाच दाबून पाहत होतो, आणि माझी टाच तिच्या टाचेला कुठेही खोटं पाडत नव्हती.

रेघ सरळ निघाली नाही. एका अंगाला ती बेहड्याच्याही वर चढली. दुसऱ्या अंगाला मात्र बाई बेहड्याच्या बरीच खाली थांबली.

“तुम्ही तर बेहड्यापर्यंत म्हणाला होता,” तहसीलदार म्हणाले.

“हितं कोरडं हाय,” ती म्हणाली. “मला बी चालल्यावरच कळलं.”

दिरानं स्वतः चालून पाहिलं. तीन काठ्यांपर्यंत गेला, वहाण चिखलात अडकली, ती हातानं उपटून काढली आणि मग बांधावर जाऊन बसला. तहसीलदारांनी तिथेच सांगितलं, काठ्यांच्या खालचं सगळं सामाईक, वरचं पुन्हा निम्मं होईल, बाईच्या वाट्याला माळ येईल, तिथे तिनं खुशाल घर बांधावं. तिनं मान हलवली. मुलींकडे पाहिलं. मला हायसं वाटलं, खरंच वाटलं. महिन्याभरात पहिल्यांदा मी बसलो, बेहड्याखाली एका दगडावर, आणि नवा पंचनामा लिहिला. लवण म्हणजे पाणी साचणारी खोलगट जागा, असा खुलासाही केला. लिहून झाल्यावर घसा साफ करून वाचायला कागद वर धरला.

“सायब, तुमी नगा वाचू,” बाई म्हणाली.

मी थांबलो.

“चाचांना वाचू द्या.”

चाचा ओशाळले. “अगं, सायबांनीच तर समदं...”

“त्ये झालं. पन वाचा तुमीच.”

तहसीलदार डोंगराकडे पाहू लागले. मी कागद चाचांच्या हातात दिला. ते ओळीखाली बोट धरून, अक्षर अक्षर लावत वाचू लागले. माझे जड शब्द त्यांच्या तोंडात अडकत होते. ‘सद्यस्थितीत’पाशी थांबून ते तिला म्हणाले, म्हंजी आत्ता. ‘प्रत्यक्ष’पाशी म्हणाले, म्हंजी डोळ्यानं. ती उभी राहून एकेक शब्द ऐकत होती. ‘लवण आढळले’ हे आलं तेव्हा ती म्हणाली, परत वाचा. त्यांनी माझा ‘ण’ नीट उच्चारून परत वाचलं. ती म्हणाली, अजून एकदा. तिसऱ्या वेळी चाचांनी कागदावरचं बोट काढलं आणि ‘लवन घावलं’ असं वाचलं, तेव्हा तिनं अंगठा पुढे केला.